मागे राहिलेला गूळ

आमच्या दारव्ह्यात कोण गेलं, हे गेली काही वर्षं लोकांना माझ्या आवाजात कळतं. ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण मी ती मिरवली आहे.

नवऱ्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, पुढाऱ्यांचं आगमन आणि भावपूर्ण श्रद्धांजली, या तीन गोष्टींवर ते चालतं. श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापून चौकात लागेपर्यंत अंत्ययात्रा बरेचदा निघून गेलेली असायची. म्हणून एकदा मी त्याच फोटोचा छोटा व्हिडिओ केला, यात्रा कुठून आणि किती वाजता निघणार ते माझ्या आवाजात वाचलं आणि मोबाइलवरच्या ॲपवर टाकून दिलं. शाळेत असल्यापासून स्नेहसंमेलनांचं सूत्रसंचालन माझ्याकडे असायचं. लग्नानंतर तो आवाज कुकरच्या शिट्ट्यांवरून ओरडण्यापलीकडे कुठे लागला नव्हता. आता तो लागू लागला. दिग्रसहून, नेरहून लोक फोटो पाठवायला लागले.

ॲप मला शिकवत गेलं. कोणी समोर बसून शिकवलं नाही, पण आकडे वर-खाली व्हायचे आणि कासरा ओढला की बैल वळतो तशी मी वळत गेले. नव्वदीच्या म्हाताऱ्याची बातमी त्याच्या गल्लीबाहेर जायची नाही. चाळिशीतलं माणूस गेलं की तीच बातमी पुण्यापर्यंत पोचायची. पासपोर्टच्या फोटोपेक्षा हसरा फोटो जास्त चालायचा. नाव आधी सांगायचं नाही, आधी चेहरा दाखवायचा आणि थोडं थांबायचं. ‘दुःखद’ या शब्दाला कोणी विचारत नव्हतं, ‘अचानक’ म्हटलं की बोटं थांबायची. माझ्या आणि त्या लोकांच्या मधे कोणीतरी बसलं आहे, कोणाचं मरण कोणाला दाखवायचं हे ते ठरवतं आणि त्याची आवडनिवड मला हळूहळू कळू लागली आहे, असं मला वाटायचं. त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

आठवडाभर गावात कोणी गेलं नाही की फोनवर सूचना यायची: ‘तुमचे प्रेक्षक तुमची वाट पाहत आहेत.’ एकदा भर दुपारी रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली. मी भाकरी थापत होते. आवाज दूर जायच्या आत माझा पिठाचा हात फोनकडे गेला होता. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. पण चॅनल बंद केलं नाही.

माझी थोरली बहीण दिग्रसच्या अलीकडे एका खेड्यात दिलेली. आमचे बाबा तहसील कचेरीत कारकून. आम्ही दोघी सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या. ताई मात्र शेतीवाल्या घरात पडली आणि तिथे अशी रुळली की कपाशीच्या चार जाती ती नुसत्या बोंडावरून ओळखायची. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत एका सकाळी तिचा फोन आला.

“डोक्यावर कावळा बसला व,” ती म्हणाली. “नुसता शिवून नाई गेला, बसला. नखं लागले.”

“मंग?”

“मंग काय. मावशीले निरोप धाड. मी मेली म्हण.”

आमच्याकडे हे जुनं आहे. कावळा डोक्यावर बसला की माणसाचं काही खरं नाही, असं मानतात. त्यावर उतारा एकच. त्या माणसाच्या मरणाचा खोटा निरोप जवळच्या नात्यात धाडायचा. तिथे कोणीतरी खरं रडलं पाहिजे. एकदा रडणं झालं की मरण झाल्यासारखं होतं आणि माणूस सुटतो. मग लगेच खरं सांगायचं आणि रडणाऱ्याचं तोंड गोड करायचं.

आम्ही लहान असताना कचेरीच्या आवारात बाबांच्या डोक्यावर कावळा बसला होता. आईनं कचेरीतल्या शिपायाला एसटीनं राजूरला मावशीकडे धाडलं. तो गेला, दारात उभा राहून निरोप सांगितला आणि मावशीनं हंबरडा फोडला. शिपाई तसाच उभा राहिला. तिचं पुरतं रडून झाल्यावर त्यानं खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. ही गोष्ट मावशीनं पुढे आम्हाला किती वेळा सांगितली असेल. शिपायानं चहासुद्धा गूळ दिल्यावरच घेतला, हे ती दर वेळी न विसरता सांगायची.

“बह्याड झाली का व?” मी ताईला म्हटलं. “आता कोण करते हे?”

“बाबा वाचले का नाई तवा?” ती म्हणाली. “सकाळपासून घास उतरून नाई राह्यला माया.”

तिचा आवाज ऐकून मी हसायचं थांबवलं. मावशीला फोन करते म्हटलं, तर ती म्हणाली, “फोनवर तुले खोटं बोलता येत नाई. मावशी ओळखते. चॅनलवर टाक. त्यातला तुया आवाज ते खरा मानते.”

ते खरं होतं. मावशी ऐंशीच्या पुढची. तिचा मुलगा राजूरला खाणीत नोकरीला. तो कामावर गेला की ती दिवसभर त्याचा जुना मोबाइल घेऊन बसायची आणि माझं चॅनल पेपरातल्या निधनवार्तांसारखं वाचायची. फक्त तिला एकटीला लिंक पाठवावी म्हटलं, तर निळ्या अक्षरांवर बोट ठेवायचं नाही असं मुलानं तिला बजावून ठेवलेलं. जे आपोआप समोर येईल तेवढंच ती पाहायची. म्हणून सगळ्यांसाठी टाकायचं, मावशीनं पाहिलं की काढून टाकायचं, असं आमचं ठरलं.

इथवर चूक ताईची आणि माझी सारखी. पुढची माझ्या एकटीची आहे. ताईचा आधार कार्डवरचा फोटो माझ्याकडे होता. तो लावला असता तर ती बातमी तिच्या गावाबाहेर गेली नसती. मी तो लावला नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगाला बेगड लावताना ती मागे वळून हसली होती, तो फोटो मी लावला. सुरुवातीला नाव घेतलं नाही. ‘अचानक’ म्हटलं. आवाज जिथे कापायला हवा तिथे बरोबर कापू दिला. जिवंत बहिणीच्या मरणाची बातमी मी इतकी झकास केली की पुन्हा ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला, आणि तो मला आवडला.

तासाभरात मावशीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं, नुसता आवाज येत होता. मी तिला पुरतं रडू दिलं, कारण तसा नेम होता. मग सांगितलं.

“मावशी, कावळा बसलता. ताई बरी आहे.”

पलीकडे रडणं थांबलं. मग नाक शिंकरल्याचा आवाज. “मुडद्याईनो,” मावशी म्हणाली, “बापाच्या वेळी बी मीच, आता बी मीच. मलेच रडवत जा. गूळ कोठी आहे माया?”

“डब्यातला खा. पुढच्या वेळी मी आणतो.”

ती हसली. मी व्हिडिओ काढून टाकला, ताईला कळवलं आणि ताई जेवली. उतारा झाला असं आम्हा दोघींना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या दारात जीप थांबली. पुसदकडचे तिचे चुलत सासरचे लोक होते. बायका जीपमधूनच रडत उतरल्या. ताई आवाज ऐकून पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला पाहून त्यांच्यातली म्हातारी जागच्या जागी मातीत बसली आणि बाकीच्या मागे सरल्या. कोणी हसलं नाही. कोणी पुढे होऊन तिला हात लावला नाही. भाऊजींनी सगळ्यांना चहा दिला, तो त्यांनी बाहेरच उभ्यानं घेतला आणि ते निघून गेले.

मी काढून टाकलेला व्हिडिओ तोवर इतरांनी उतरवून घेतला होता. तो दुसऱ्या पानांवर फिरत होता, आवाज माझाच. मी एकेकाला लिहिलं की हे खोटं आहे, काढा. कोणी काढलं, कोणी उत्तरच दिलं नाही. मग मी ताईच्या घरी गेले आणि अंगणातल्या बाजेवर तिला बसवून नवा व्हिडिओ केला. तिला सूत्रसंचालन कुठून येणार. ती कॅमेऱ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, “मी जिती आहो. रडू नका. जेवून घ्या.” आणि लाजून हसली.

तो व्हिडिओ बोटांवर मोजण्याइतक्या लोकांनी पाहिला. त्यातली दोन बोटं आमच्या दोघींची. मी पुन्हा टाकला, वेगळ्या वेळी टाकला, हसरा चेहरा आधी आणला, जे जे शिकले होते ते सगळं केलं. ज्यांना तिचं मरण दाखवलं गेलं होतं, त्यांना तिचं जगणं दाखवलं जात नव्हतं. तेव्हा मला तो शिपाई आठवला. दोन्ही निरोप त्याच्याच खिशात होते, आणि रडणारी बाई डोळ्यांसमोर असल्यामुळे दुसरा निरोप दिल्याशिवाय त्याला तिथून निघता येत नव्हतं. माझा निरोप्या पहिला निरोप देऊन पुढच्या दारी गेला होता. गूळ माझ्याच हातात राहिला.

मग विचित्र दिवस सुरू झाले. लग्नपत्रिका येत, त्यांवर फक्त भाऊजींचं नाव. दिग्रसच्या बाजारात वर्षानुवर्षं ताईला भाजी देणाऱ्या बाईनं तिला पाहून काटा खाली ठेवला आणि आधी तिच्या पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. पुढे ताईच्या हे अंगवळणीच पडलं. एसटीत चढली की ओळखीची माणसं आधी खाली पाहायची, मग वर पाहून हसायची. ती पायात ठसठशीत जोडवी घालू लागली आणि बसताना पाय पुढे काढून बसू लागली. भाऊजींना एक स्थळ चालून आलं, तेव्हा मात्र ती त्या मध्यस्थाला घरात घेऊन गेली, पाटावर बसवलं, जेवू घातलं आणि निघताना म्हणाली, “पोरीच्या मायले सांगजा, सैंपाक बरा करते म्हणा पहिली.” हे सांगताना फोनवर ती खूप हसली. नंतर रडली.

बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं तिनं ठरवलं. माझ्या दारातसुद्धा ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणायची, “मी आली.” मी आतून “ये ना व” म्हणेपर्यंत आत यायची नाही. एकदा मी न्हाणीत होते. बाहेर आले तर ती पाऊण तासापासून उन्हात उभी होती. मी चिडले, वाटेल ते बोलले. ती म्हणाली, “तुया आवाज आल्याबिगर मले खरं नाई वाटत.”

दुपारी ती मोबाइलवर आपल्या मरणाखालचे शेरे वाचायची. मी नको म्हटलं की म्हणायची, “जित्तेपणी इतकं चांगलं कोणी म्हणलं नाई.” कोण्या अनोळखी बाईनं लिहिलं होतं, ताईंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. ताई ते पुन्हा पुन्हा वाचायची. वर्ष फिरून ती तारीख आली की कोणी ना कोणी तो व्हिडिओ वर काढायचं आणि त्याखाली दिवे, फुलं, हात जोडलेले. मी तिची कितीदा माफी मागितली. ती दर वेळी एकच म्हणायची. “कावळा टळला ना. मंग झालं.”

कावळा टळला, पण दोनच वर्षं. गेल्या श्रावणात दुपारी अंगणात अंबाडीचा पाला निवडता निवडता ताई बाजेवरून कलली. भाऊजी आतून पाणी घेऊन येईपर्यंत ती गेली होती.

बातमी मलाच वाचायची होती. दुसऱ्या कोणाच्या आवाजात ती गेली असती तर मला सहन झालं नसतं. मी आधार कार्डवरचा फोटो लावला. नाव पहिल्या वाक्यात घेतलं. आवाज कुठेही कापला नाही. कापू द्यायचा नव्हता असं नाही. तो कापलाच नाही, आणि याची मला आजही लाज वाटते. टाकल्यावर ॲपवर सूचना आली की हा मजकूर आधीच्या मजकुराशी जुळतो. तो फार कोणाला दिसला नाही. ज्यांना दिसला त्यांतल्या एकानं खाली लिहिलं, “पुन्हा कावळा बसला वाटते.” दुसऱ्यानं हसण्याचा चेहरा टाकला.

मी मावशीला फोन केला. या वेळी चॅनलवर सोडलं नाही, स्वतः सांगितलं.

“मावशी, ताई गेली.”

मावशी हसायला लागली. “नाई व पोरी,” ती म्हणाली, “आता नाई फसत मी. दोन डाव रडली. माया डोळ्यात पाणी उरलं नाई. गूळ तेवढा आणून दे.”

“खरं आहे मावशी. शपथ.”

“तुले खोटं बोलता येत नाई,” ती म्हणाली आणि हसतच फोन ठेवला.

तिचा मुलगा आला. ताईला खांदा दिला, परत जाऊन तिला सांगितलं. तिनं त्यालाही आमच्यात सामील झाला म्हणून शिव्या दिल्या. त्याचा फोन आला, म्हणाला, “राहू द्या. ऐंशी वर्षाची बाई, नाई समजलं तं नाई समजलं.” मातीला माणसं थोडी होती. पुसदची जीप आली नाही. शेजारच्या गावचा एक माणूस आला, तो मला बाजूला घेऊन विचारत होता की आज वर्षश्राद्ध आहे का.

दहाव्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. हल्ली आमच्याकडे बायकाही जातात. काठावरच्या दगडावर पिंड ठेवले, शेजारी पत्रावळीवर तिच्या आवडीची अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर. सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे पलीकडच्या बाभळीवर होते. भरपूर होते. एकही खाली येईना.

अर्धा तास गेला. भाऊजी हात जोडून एकेक कबूल करत होते. शेत पडीक ठेवणार नाही, तुझी शेरडं विकणार नाही. कावळे मान वाकडी करून पाहत राहिले. कोणीतरी माझ्याकडे पाहून म्हणालं, मनात काहीतरी राहिलं असेल बाईच्या. काय राहिलं ते मला माहीत होतं. तिचं मरण रक्ताच्या माणसाकडून रडून घ्यायचं राहिलं होतं. मावशी हसली होती. मी अजून रडले नव्हते. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

माझा फोन वाजला. मावशी होती. मी जरा बाजूला झाले.

“पाह्य,” ती पहिल्यांदा हेच म्हणाली. “म्या म्हणलं होतं का नाई? आताच आली समोर. बसली आहे बाजेवर. हसून राह्यली.”

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. दोन वर्षं कोणाला न दाखवलेला तो व्हिडिओ आता वर आला होता. का, ते मला ठाऊक नाही. ती गेल्यावर लोकांनी तिचं नाव शोधलं असेल, जुना फोटो न्याहाळला असेल. मधे बसलेल्याला एवढंच उमगलं असेल की या चेहऱ्यावर आज बोटं थांबतात. घरी आल्यावर मी पाहिलं, तर हजारो लोकांनी तो पाहिला होता. खाली लिहिलं होतं, देवाची कृपा, ताई वाचल्या. ताई, तुम्हाला आमचंही आयुष्य लाभो. पुसदच्या म्हातारीच्या नातवानं लिहिलं होतं की आजी ऐकून फार खूश झाली. पण हे सगळं नंतरचं.

नदीवर मावशी म्हणाली, “आईक,” आणि तिनं मुलाचा तो जुना मोबाइल बोलायच्या फोनजवळ धरला असावा. तिला ऐकू कमी येतं, म्हणून आवाज नेहमी पुरता मोठा असतो. माझ्या हातातल्या फोनमधून ताई काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली.

“मी जिती आहो. रडू नका. जेवून घ्या.”

भाऊजी वळून पाहू लागले. तेवढ्यात बाभळीवरून एक कावळा उठला, सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावली. मग भाजीकडे वळला. त्याच्यामागून बाकीचे आले. भटजींनी हातातला दर्भ ठेवून दिला. बायकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, कोणी म्हणालं, झालं, शांत झाली. दोन वर्षांपूर्वी ती काय बोलली होती, आणि ते कोणाला कधी ऐकवायचं हे कोणी ठरवलं होतं, हे मला एकाच वेळी आठवत होतं, आणि पुढे सरकायचं धाडस होत नव्हतं.

“हॅलो,” मावशी म्हणत होती. “आईकलं ना? आता दे तिले फोन. मी बोलतो तिच्याशी. गूळ घेऊन ये म्हणतो.”

आज सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. मावशीला ते ऐकू गेलं नाही. ती दे, दे म्हणत राहिली. समोर पत्रावळीवर कावळा भाकरीचा तुकडा पायाखाली धरून सावकाश खात होता.

“मावशी,” मी म्हटलं, “ते जेवून राह्यली.”